बी आले, कृती मागे राहिली

उपासाच्या आदल्या दिवशी घरातल्या मुलाच्या हाती पिशवी देऊन त्याला पालीच्या बाजारात पाठवावे. पाली म्हणजे आपली मुंबई-गोवा रस्त्यावरची, रत्नागिरी तालुक्यातली, अष्टविनायकांतली नव्हे. मुलगा साबुदाणा, शेंगदाणे, बटाटे, रताळी, हिरव्या मिरच्या आणि राजगिरा घेऊन परत येईल. या पिशवीतला प्रत्येक जिन्नस मूळचा अमेरिकेचा आहे, असे कुणी आजीला सांगितले, तर ती म्हणेल, "काहीतरीच काय! उपासाला चालतं ते परकं कसं असेल?" पण गोष्ट खरी आहे.

इथे अमेरिका म्हणजे केवळ संयुक्त संस्थाने नव्हेत. मेक्सिको, पेरू, ब्राझील आणि मधली बेटे धरून जे अफाट खंड आहे ते सगळे. साबुदाण्याचे नाव तेवढे मलायातल्या ताडासारख्या एका झाडाचे. पण दुसऱ्या महायुद्धात तिकडचा माल यायचा थांबला, तेव्हा तामिळनाडूत सेलमकडे टॅपिओकाच्या कंदापासून साबुदाणा करू लागले, आणि तो कंद दक्षिण अमेरिकेतला.

श्रोतेहो, हे सगळे आपल्याकडे आले कसे? कोलंबस १४९२ साली निघाला हिंदुस्थान शोधायला आणि पोचला अमेरिकेच्या बेटांवर. वास्को द गामा १४९८ साली कालिकतला उतरला. त्याच्या मागोमाग काब्राल निघाला. त्याची जहाजे २२ एप्रिल १५०० रोजी ब्राझीलच्या किनाऱ्याला लागली आणि त्याच वर्षी सप्टेंबरात कालिकतला आली. म्हणजे ब्राझील आणि आपला किनारा एकाच वाटेवरची दोन ठिकाणे झाली. पुढे १५१० साली गोवा पोर्तुगीजांच्या हाती गेला आणि ही ये-जा कायमची झाली.

याची साक्ष आपल्या तोंडातले शब्दच देतात. ब्राझीलचे तुपी लोक ज्याला 'अकाजू' म्हणत, तो आपला काजू. अननसही त्यांच्याच भाषेतला. बटाटा हा शब्द कॅरिबियन बेटांवरचा. तिथे त्याचा अर्थ रताळे असा होता. चिकू मेक्सिकोतला. मिरचीला मात्र आपण आपले नाव दिले. आपल्याकडे तिखटपणाला मिरी होती, पिंपळी होती. मिरीवरून मिरची झाली. गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या वनस्पतींवरील ग्रंथात काजूचे प्रकरण नाही; १५७८ सालच्या आकोस्ताच्या ग्रंथात कोचीनकडल्या काजूचे वर्णन आहे. ज्या झाडावाचून आज कोकण डोळ्यांपुढे येत नाही, ते झाड इथे नवखे होते, त्याला साडेचारशे वर्षांहून फार अधिक काळ लोटलेला नाही.

इथवरची हकिगत पुष्कळांना ठाऊक असते. मला सांगायची आहे ती पुढची गोष्ट. जहाजातून बी आले, कंद आले, रोप आले. पण ते रांधणाऱ्या बायका काही जहाजातून आल्या नाहीत. बी आले आणि कृती मागे राहिली.

यात केवढे नुकसान होऊ शकते, हे मक्याने युरोपला दाखवले. मेक्सिकोतल्या बायका हजारो वर्षे मका नुसता दळत नव्हत्या. खाण्याच्या चुन्याच्या पाण्यात तो उकळायचा, रात्रभर ठेवायचा, चोळून धुवायचा आणि मग पायाच्या पाट्यावर वाटायचा. तो पाटा-वरवंटा पाहिला, तर आपल्या घरातलाच वाटेल. चुना कशासाठी? साल सुटते आणि पीठ चिकट होऊन भाकरी थापता येते, एवढे दिसणारे कारण. न दिसणारे कारण असे, की मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व चुन्याने मोकळे होते आणि अंगी लागते. स्पॅनिश लोकांनी मका नेला, चुना नेला नाही. ज्या गरिबांचे पोट बहुतांशी मक्यावरच भरे, त्यांना एक विचित्र रोग होऊ लागला. कातडी फाटे, जुलाब होत, बुद्धीही भ्रमे. स्पेनमधल्या कासाल नावाच्या वैद्याने १७३५ साली त्याचे वर्णन केले. तोच हा पेलाग्रा. पुढे उत्तर इटलीत आणि संयुक्त संस्थानांच्या दक्षिण भागात त्याने हजारो माणसे नेली. हा संसर्ग नव्हे, आहारातली उणीव आहे, हे डॉक्टर गोल्डबर्गर यांनी १९१४ पासून पुढे सिद्ध केले, आणि नेमके जीवनसत्त्व सापडायला १९३७ साल उजाडले. पाट्यापाशी बसलेल्या एका निरक्षर बाईच्या हातात जे होते, ते विद्वानांच्या ध्यानात यायला दोनशे वर्षे लागली!

टॅपिओकाचेही तसेच. त्याच्या कडू जातीचा कच्चा कंद विषारी असतो. ब्राझीलचे लोक तो किसून, विणलेल्या लांब नळीत भरून पिळत, रस काढून टाकत आणि उरलेला चोथा भाजत. खायचे की मरायचे, हे त्या पिळण्यावर ठरे.

आता उलट बाजू पाहू. कृती आली नाही म्हणून आपण हात बांधून बसलो का? छे! आपल्या बायकांनी ओल्या काजूगरांची उसळ केली, तिला ओल्या नारळाचे वाटण लावले. बटाट्याची भाजी केली, शेंगदाण्याचे कूट केले, साबुदाण्याची खिचडी केली. गोव्यात बोंडूंची फेणी झाली. जिन्नस परका, हात आपला. म्हणून पदार्थ आपला. तेव्हा उपासाच्या ताटाकडे बघून आजीने वाईट वाटून घेण्याचे काही कारण नाही.

आणि जिथे माणसे गेली, तिथे कृतीही गेली. ब्राझीलच्या बाहिया प्रांतात आफ्रिकेतून लाखो माणसे गुलाम म्हणून नेली. तिथली गुलामगिरी संपली ती १८८८ साली. त्या बायकांना बरोबर काही नेता आले नाही. हात मात्र त्यांचे त्यांच्यापाशी होते. आपल्या महासागराकाठचा नारळ पोर्तुगीजांनी केप व्हर्दे बेटांवरून ब्राझीलला पोचवला होता. त्या नारळाचे दूध, समुद्राची मासळी, अमेरिकेची मिरची आणि टोमॅटो, आफ्रिकेचे ताडफळाचे तेल यांचे एक कालवण तिथे झाले. त्याला मोकेका म्हणतात.

म्हणून माझी आईबापांना आणि शिक्षकांना एक सूचना आहे. हा इतिहास मुलांना तोंडी सांगू नका, चुलीपाशी शिकवा. सुटीच्या तीन दिवशी तीन पदार्थ करा.

पहिला मेक्सिकोचा, त्याचे नाव 'आलेग्रिया', म्हणजे आनंद. जाड बुडाची कढई खूप तापवून चमचाचमचा राजगिरा टाकायचा. पाहता पाहता लाह्या होतात. मुलांना ही गंमत फार आवडते. चार वाट्या लाह्यांना दीड वाटी गुळाचा पाक घ्यायचा, शेंगदाणे घालायचे आणि थापून वड्या पाडायच्या. पाक मोठ्यांनी हाताळावा. मेक्सिकोत गुळाऐवजी मध असे. वडी खाऊन मूल म्हणेल, "ही तर आपली राजगिऱ्याची चिक्की!" दोन खंडांतल्या हातांना एकच युक्ती सुचली, हे तेव्हा त्याला कळेल.

दुसरा न्यू इंग्लंडचा, सकोटॅश. नाव तिथल्या नारागानसेट लोकांच्या भाषेतले. राजमा रात्री भिजवून पूर्ण शिजवावा. कच्चट राहिला तर बाधतो. त्यात कोवळ्या मक्याचे दाणे आणि लाल भोपळ्याच्या फोडी घालाव्या, मीठ आणि थोडे लोणी पुरे. मका, शेंग आणि भोपळा यांना तिथले मूळचे लोक 'तीन बहिणी' म्हणतात. मक्याच्या दांड्यावर वेल चढतो, वेलाच्या मुळ्या जमिनीला कस देतात, भोपळ्याची पाने ओल धरून ठेवतात. पावसाच्या सुरुवातीला या तिघींना परसात एकत्र लावून बघायला काय हरकत आहे?

तिसरा अर्थातच मोकेका. सुरमईच्या तुकड्यांना मीठ, लिंबू, लसूण लावून ठेवायचे. कांदा, टोमॅटो, भोपळी मिरची यांच्या चकत्यांचे थर द्यायचे, मध्ये मासळी, वर कोथिंबीर. नारळाचे दूध ओतून मंद आचेवर शिजवायचे, ढवळायचे नाही. ताडफळाचे तेल नसेल, तर खोबरेल चालेल. भाताबरोबर वाढायचे. यात कोकम नाही, चिंच नाही, तरी रत्नागिरीचे मूल हे कालवण ओळखेल.

हा खटाटोप केवळ चवीसाठी नाही. आमच्या कोकणातून मुले शिकायला आणि नोकरीला मुंबई-पुण्याला, आता तर खुद्द अमेरिकेलाही जातात. त्यांच्याबरोबर काजूची पाकिटे जातात, आमसुले जातात, फणसपोळी जाते. म्हणजे बी जाते. ओला काजूगर सोलताना चीक हाताला लागून कातडी जाऊ नये म्हणून काय करायचे, कुळथाच्या पिठीला गुठळी का होते, घावन तव्याला का चिकटतो, हे पाकिटात भरता येत नाही. ते आजीच्या हातून मुलाच्या हातात जाते, आणि त्यासाठी दोघांनी एका चुलीपाशी बसावे लागते. मुलगी असो वा मुलगा, त्यात फरक करू नये.

चुना मागे राहिला आणि युरोपने दोनशे वर्षे त्याची किंमत मोजली. आपल्या घरातला असला चुना कोणता, हे आज आपल्याला सांगता येणार नाही. तेव्हा हात चालते आहेत तोवर सगळेच शिकून घेतलेले बरे.