तेरला ग्रीक कुपी का नाही?

सोलापूर जिल्ह्यातली बार्शी ओलांडून पूर्वेला गेलं की तेरणेकाठी तेर लागतं. हेच प्राचीन तगर, असं पुराभिलेखांचे अभ्यासक फ्लीट यांनी १९०१ साली मांडलं. तगरचा माल पार रोमन जगात पोचत होता म्हटल्यावर इथे ग्रीकांची तेल-अत्तराची मातीची कुपी मिळायला हवी, असं कुणालाही वाटेल. माझ्या मते ही अपेक्षाच चुकीची आहे. 'लेकिथॉस' ही कुपी मोठी देखणी: अरुंद मान, ओघळ आवरायला पसरट ओठ. मृतांसाठी वाहायच्या काही कुप्यांच्या पोटात तर आणखी एक चिमुकलं भांडं दडवलेलं असे. तेल तेवढ्यापुरतंच, देखावा मात्र भरल्या कुपीचा! पण तिचा बहर इ.स.पू. पाचव्या शतकातला. तगर भरभराटीला आलं तोवर भूमध्य समुद्राकाठचं अत्तर फुंकीच्या काचेच्या कुप्यांत गेलं होतं.

मग काचेच्या कुप्या तरी ढिगाने याव्यात, असा आक्षेप येईल. त्याला उत्तर 'पेरिप्लस' या पहिल्या शतकातल्या ग्रीक प्रवासवृत्तातच आहे. भडोच बंदरात उतरणाऱ्या मालात सुगंधी तेल आहे खरं, पण स्वस्तातलं, आणि तेही थोडंच. उलट भडोचहून जटामांसी, कोष्ठ, गुग्गुळ बाहेर जात. सुगंधाचा कच्चा माल जिथून निघतो, तिथे परक्या अत्तराला गिऱ्हाईक किती मिळणार? तगरहून गाड्या भडोचकडे जात त्या मुख्यतः कापडाच्या. पश्चिमेकडून येणाऱ्या मालात इथे खरी ओढ होती ती दारूची. दख्खनमधल्याच नेवाशाला सापडलेली रोमन कुंभांची खापरं तेच सांगतात.