हस्त नक्षत्र : स्वभाव आणि व्यवसाय

२७ नक्षत्रांपैकी तेरावे. चित्रा ताऱ्याच्या नैऋत्येला दिसणाऱ्या पाच ताऱ्यांना हाताची पाच बोटे मानून हे नाव पडले. चार तारे सहज दिसतात, पाचवा जरा अंधुक आहे. पाश्चात्त्य नकाशात याच ताऱ्यांचा कावळा होतो. पत्रिकेत हस्ताची व्याप्ती कन्या राशीच्या १० अंशांपासून २३ अंश २० कलांपर्यंत. देवता सविता, राशिस्वामी बुध, गण देव, नाडी आद्य. विंशोत्तरी पद्धतीत हस्तावर जन्मलेल्याची पहिली महादशा चंद्राची. चरणाक्षरे पू, ष, ण, ठ. ‘ण’ वाट्याला आला की बारशाच्या घरात पंचाईत ठरलेली.

आजच्या ज्योतिषग्रंथांतला हस्तजातक कामसू, हजरजबाबी, हिशेबाला पक्का, चिकित्सक आणि मनाने थोडा चंचल असतो. यातली चिकित्सा बुधाची, चंचलपणा चंद्राचा. व्यवसाय मात्र थेट हातावरून काढलेले दिसतात: सोनार, मूर्तिकार, शिंपी, चित्रकार, शल्यचिकित्सक, वादक, जादूगार. बुधामुळे त्यांत व्यापारी, लेखनिक आणि हिशेबनीस यांची भर पडते. मुहूर्तशास्त्रात हस्त हे अश्विनी व पुष्य यांच्याबरोबर ‘क्षिप्र’ गटात येते आणि विक्री, विद्यारंभ, दागिने घडवणे, औषधोपचार यांना चांगले मानले जाते.

जुने ग्रंथ इतके गोडबोले नाहीत. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराचा हस्तजातक उत्साही आणि धीट आहे, पण मद्यपी, निर्दय आणि चोरही आहे. ‘बृहत्संहिते’त त्याने हस्ताच्या अमलाखाली शिल्पी, व्यापारी, विद्वान, रथी, हत्ती आणि तुसाची धान्ये घातली आहेत, त्या यादीत चोर अगदी पहिला. हाताची सफाई सोनाराला लागते तशी खिसेकापूलाही, हा विचार त्यामागे असावा. नंतरच्या याद्यांतून चोर गळाला आणि कारागीर उरला. दक्षिणा देणाऱ्या यजमानाला तोंडावर तस्कर कोण म्हणणार?

हे सारे जन्मवेळच्या चंद्राचे. महाराष्ट्रात हस्त अधिक ओळखीचे आहे ते सूर्यामुळे. सप्टेंबरअखेर सूर्य या नक्षत्रात जातो, तेव्हाचा गडगडाटी पाऊस म्हणजे शेतकऱ्यांचा ‘हत्तीचा पाऊस’. पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरण्याचा हादगा किंवा भोंडलाही याच दिवसांतला. त्याचा कोणाच्या स्वभावाशी संबंध नाही.

नक्षत्रावरून स्वभाव किंवा पेशा कळतो, याला वैज्ञानिक आधार नाही. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी सहकाऱ्यांसह २००८ मध्ये पुण्यात फलज्योतिषाची चाचणी घेतली. हुशार व मतिमंद मुलांच्या पत्रिका ज्योतिषांना देऊन कोणती कोणाची ते ओळखायला सांगितले होते. प्रत्येकाला ४० पत्रिका दिल्या होत्या. २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठवली आणि त्यांतली सरासरी ४६ टक्के बरोबर निघाली. छापा-काटा केला असता तर ५० टक्क्यांची अपेक्षा होती. ही कसोटी बुद्धीपुरती होती. व्यवसायाच्या याद्यांना ती लागलेली नाही.