कळा आणायला किती वेळ लागतो? सलाईनच्या थेंबामागचा दोनशे वर्षांचा इतिहास

"सकाळी आठले सलाईन लावली, आता रात्रीचे आठ झाले. अजून काहीच नाही. काऊन जी?"

हे वाक्य मी बातमीदारीच्या इतक्या वर्षांत दवाखान्यांच्या वऱ्हांड्यात किती वेळा ऐकलं, त्याचा हिशेब नाही. बोलणारा कधी नवरा असतो, कधी सासरा, कधी मुलीचा भाऊ. त्यानंतरचं वाक्यही ठरलेलं: "डॉक्टर पैशासाठी थांबवून राह्यले." नाहीतर अगदी उलट: "डॉक्टरनं पैशासाठी घाईनं सिझर केलं." दोन्ही आरोप एकाच कुटुंबाने एकाच रात्रीत केलेले मी पाहिले आहेत. काही वेळा आरोपात तथ्य असतं, ते नाकारत नाही. पण बहुतेक भांडणांच्या मुळाशी एक साधी गोष्ट असते. औषध देऊन कळा आणायच्या तर किती वेळ लागतो, हे घरच्यांना कोणी आधी सांगितलेलंच नसतं.

म्हणून आज जरा लांब लिहितोय. ज्यांच्या घरी दिवस भरत आलेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

सुरुवात शेतातून करू. बाजरीच्या कणसावर पडणारा अरगट आपल्या शेतकऱ्याला माहीत आहे. कणसातून चिकट मधासारखा द्रव येतो, मग दाण्याच्या जागी काळसर गाठी धरतात. युरोपात राय नावाच्या धान्यावर हाच रोग पडायचा आणि तिथल्या सुइणी त्या काळ्या गाठींची पूड अडलेल्या बाईला द्यायच्या. 1808 मध्ये जॉन स्टर्न्स या न्यूयॉर्क राज्यातल्या डॉक्टरचं या पुडीबद्दलचं पत्र छापून आलं आणि डॉक्टर मंडळीही ती वापरू लागली. कळा जबरदस्त यायच्या, पण त्या थांबायच्याच नाहीत. गर्भपिशवी आवळून धरली की बाळाचा रक्तपुरवठा तुटतो, पिशवी फाटली तर आईही जाते. 1822 मध्ये डेव्हिड होसॅक यांनी लिहिलं की ही बाळंतपणाची पूड नव्हे, मरणाची पूड आहे, आणि ती बाळ जन्मल्यानंतरचा रक्तस्राव थांबवायलाच वापरावी. आज दोनशे वर्षांनीही त्या पुडीतून निघालेलं इंजेक्शन बाळ बाहेर आल्यावरच देतात, आधी नाही.

ही पहिली ठेच लक्षात ठेवा, कारण पुढे तीच पुन्हा लागली.

1906 मध्ये इंग्लंडमध्ये हेन्री डेल यांना आढळलं की मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या अर्काने गर्भपिशवी आकसते. 1909 मध्ये विल्यम ब्लेअर-बेल यांनी तो अर्क बाळंतपणात वापरल्याचं लिहिलं. पण तेव्हा अख्खा डोस एका सुईत टोचला जायचा. एकदा आत गेलेलं औषध परत काढता येत नाही. पुन्हा पिशव्या फाटल्या, पुन्हा बाळं गुदमरली.

यातून वाट काढली ब्रॅडफर्डच्या जी. डब्ल्यू. थिओबाल्ड यांनी, 1948 मध्ये. तेच औषध त्यांनी सलाईनमध्ये अगदी पातळ करून थेंबाथेंबाने शिरेतून दिलं. कळा जास्त झाल्या तर चिमटा बंद करायचा, काही मिनिटांत जोर ओसरतो. पुढे अमेरिकेत व्हिन्सेंट डू विन्यो यांनी हेच संप्रेरक, म्हणजे ऑक्सिटोसिन, 1953 मध्ये प्रयोगशाळेत तयार केलं. त्यांना 1955 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

आता वऱ्हांड्यातल्या सासऱ्याकडे परत या. तो सिस्टरला म्हणतो, "थेंब वाढवा ना बाई जरा." त्या थेंबांची संख्या कमी ठेवायला किती जीव गेल्यावर शिकलोय आपण, हे त्याला कोण सांगणार? थेंब दर अर्ध्या तासाने, कळा मोजून, बाळाचे ठोके ऐकून मगच वाढवायचे असतात. म्हणून वेळ लागतो. गावात कोणी "कळांचं इंजेक्शन" कमरेत टोचून देत असेल तर तो माणूस 1909 सालात जगतोय असं समजा आणि पेशंटला तिथून उचला.

याच ऑक्सिटोसिनचं दुसरं नाव आपल्याकडे "म्हशीचं इंजेक्शन". पान्हा सोडवायला त्याचा बेकायदा वापर होतो म्हणून केंद्र सरकारने 2018 मध्ये खासगी कंपन्यांना देशातल्या विक्रीसाठी ते बनवायलाच बंदी घातली होती. एकट्या सरकारी कंपनीवर भार टाकला. बाळंतिणींना औषध कमी पडेल म्हणून प्रकरण कोर्टात गेलं आणि दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी डिसेंबरमध्ये बंदी रद्द केली. म्हशीच्या धाकाने बाईचं औषध बंद करायला निघालेला देश आहे आपला, दुसरं काय म्हणायचं.

सलाईनचं एक मोठं दुखणं मात्र थिओबाल्डनाही सुटलं नव्हतं. गर्भपिशवीचं तोंड कच्चं असेल, म्हणजे घट्ट, लांब आणि बंद असेल, तर नुसत्या ऑक्सिटोसिनने कळा येतात पण दार उघडत नाही. आधी तोंड मऊ करावं लागतं. तोंड किती पिकलंय हे मोजायला एडवर्ड बिशप यांनी 1964 मध्ये गुणांची पद्धत दिली. तपासताना डॉक्टर आजही तेच गुण मोजतात. गुण चांगले असतील तर काम लवकर होतं, कमी असतील तर आधी पिकवणं आलं. पिकवण्याचे दोन रस्ते आहेत. एक औषधाचा: 1968 मध्ये युगांडात कंपालाला सुलतान करीम यांनी प्रोस्टाग्लँडिन वापरून कळा आणल्या, आज जेल किंवा गोळी मिळते. दुसरा रस्ता फुग्याचा: लघवीसाठी घालतात तीच फोलीची नळी गर्भपिशवीच्या तोंडातून आत सरकवायची आणि तिचा फुगा पाण्याने फुगवायचा. त्याच्या दाबाने तोंड हळूहळू उघडतं. ऐकायला जुगाड वाटतो, पण ही मान्य पद्धत आहे.

आणि इथे आपल्या विदर्भाचा अभिमानाचा भाग येतो, जो वर्तमानपत्रांत आम्ही लोकांनी नीट छापला नाही.

गोळी बरी की फुगा, याचा मोठा अभ्यास नागपुरात झाला, दोन सरकारी दवाखान्यांत. एक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, दुसरं डागा स्मृती रुग्णालय. डिसेंबर 2013 ते जून 2015. डॉ. शुचिता मुंडले यांच्यासह नागपूरच्या डॉक्टरांनी लिव्हरपूलच्या संशोधकांबरोबर हे काम केलं आणि 2017 मध्ये ते लॅन्सेटमध्ये छापून आलं. बीपी वाढलेल्या 602 गरोदर बायका होत्या. निम्म्यांना मिसोप्रोस्टॉलची 25 मायक्रोग्रॅमची गोळी दर दोन तासांनी तोंडाने, जास्तीत जास्त 12 डोस. निम्म्यांना फुगा, जास्तीत जास्त 12 तास.

निकाल काय? 24 तासांच्या आत नैसर्गिक बाळंतपण झालं ते गोळीच्या गटात 57 टक्के आणि फुग्याच्या गटात 47 टक्के बायकांचं.

परत वाचा. चांगले डॉक्टर, ठरवून दिलेले डोस, सतत लक्ष, आणि तरीही पूर्ण एका दिवसात जेमतेम निम्म्या मोकळ्या झाल्या. उरलेल्यांपैकी काहींना आणखी वेळ लागला, काहींचं सिझर झालं. तेव्हा बारा तासांत "काहीच नाही" म्हणजे काही बिघडलंय असं नसतं.

गोळी जिंकली याचं आपल्यासाठी वेगळं महत्त्व आहे. ऑक्सिटोसिन आणि जेल दोन्ही फ्रिजमध्ये ठेवावे लागतात. एप्रिल-मे मधला आपल्याकडचा उन्हाळा आणि जाणारी लाईट डोळ्यांसमोर आणा. गोळीला फ्रिज लागत नाही. पण एक पक्कं ध्यानात ठेवा: आधी सिझर झालेलं असेल त्या बाईला ही गोळी कळांसाठी देत नाहीत, जुना टाका उसवून पिशवी फाटायचा धोका असतो. आधीच्या बाळंतपणाचे कागद म्हणूनच सोबत न्यायचे. "कागद घरी राह्यले" हे वाक्य जीवावर बेतू शकतं.

मग घरच्यांनी काय धरून चालायचं? पहिलटकरीण असेल, तोंड कच्चं असेल, तर एक ते दोन दिवस. पिकवण्यातच 12 ते 24 तास जाऊ शकतात, आणि त्या काळात बाई चालते, बोलते, थोडंफार खाते, म्हणून बाहेरच्यांना वाटतं की काही चाललंच नाही. दुसरं-तिसरं बाळंतपण असेल आणि तोंड मऊ असेल तर कधी सहा-आठ तासांतही होतं. खऱ्या जोराच्या कळा तोंड पाच-सहा सेंटीमीटर उघडल्यावर. शेवटी जोर लावण्याच्या टप्प्याला पहिल्या वेळी तीन तासांपर्यंत लागू शकतात.

पूर्वी तासाला एक सेंटीमीटर असा हिशेब होता. तो 1950 च्या दशकात इमॅन्युएल फ्रीडमन यांनी काढलेल्या आलेखावरून आला. जागतिक आरोग्य संघटनेने 2018 मध्ये सांगितलं की या एका नियमावर सगळ्या बायकांना मोजू नका. आई-बाळ ठीक असतील तर हळू चाललेलं बाळंतपणही चालू द्या. महाराष्ट्रात सिझरचं प्रमाण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत 20.1 टक्के होतं, पाचव्या फेरीत 25.4 टक्के झालं. त्यात खासगी दवाखान्यांचा वाटा मोठा आहेच, पण "करून टाका ना साहेब" म्हणणाऱ्या नातेवाइकांचाही थोडा आहे. हे लिहिल्यावर कमेंटमध्ये शिव्या पडतील, पडू द्या.

वाट पाहू नये अशाही वेळा असतात. बाळाचे ठोके बिघडले, पाणी हिरवट आलं, अंगावरून रक्त जायला लागलं, डोकं भयंकर दुखून डोळ्यांपुढे अंधारी आली, दोन कळांच्या मध्ये पोट सैलच पडत नसेल, तर तेव्हा सिस्टरला हाक मारा, दहा वेळा मारावी लागली तरी मारा.

राहिला आपल्या जिल्ह्याचा प्रश्न. कळा आणायचं काम तिथेच सुरू व्हावं जिथे रात्री दोन वाजताही सिझर करता येईल, भूलतज्ज्ञ असेल, रक्त मिळेल. मानोरा, रिसोड, मालेगावच्या बाईला अर्ध्या कळांत वाशिमला आणि तिथून अकोल्याला हलवायचं म्हणजे सलाईनचा चिमटा चालत्या गाडीत कोण सांभाळणार? वाशिमचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय ऑक्टोबर 2024 मध्ये जाहीरपणे सुरू झालं. त्याच्या फिती आणि फलकांचे फोटो आम्ही सगळ्यांनी छापले. प्रसूती विभागात रात्रपाळीला किती बायकांमागे किती नर्स असतात, हा आकडा मी माहितीच्या अधिकारात मागतोय. मिळाला की इथेच टाकतो.

तोवर एवढं करा. सरकारी दवाखान्यात बाळंतपण, सिझर, औषधं, जेवण आणि नेण्या-आणण्याची गाडी 2011 पासून मोफत आहे, पावती मागितली तर विचारा कशाची. बाईजवळ एक बाई सोबत राहू द्यावी असं केंद्राने 2016 मध्येच कळवलंय, तेव्हा आई किंवा जाऊ आत राहू द्या म्हणून शांतपणे सांगा. आणि दाखल करतानाच डॉक्टरांना तीन गोष्टी विचारून घ्या: कळा का आणताय, कशाने आणताय, आणि किती तासांनी पुढचा निर्णय घेणार.