आकाशातील बाज आणि मातंग राजाची नक्षत्रे

आकाशातील तारका निसर्गाच्या आहेत. त्यांना जोडणाऱ्या रेषा मात्र माणसाच्या आहेत. हा भेद वरवर साधा वाटतो. परंतु त्याचा विसर पडला म्हणजे काय घडते, याची साक्ष आपल्या सामाजिक इतिहासात जागोजागी मिळते. म्हणून या रेषा कोणी ओढल्या आणि त्यांवर अधिकार कोणी सांगितला, हे तपासणे अगत्याचे आहे.

जळगाव शहरात सामावून गेलेल्या मेहरूणच्या तलावाकाठून वैशाखातील रात्री उत्तरेकडे पाहिले असता सप्तर्षी उंचावर दिसतात. पंचांग शिकलेला मनुष्य त्यांत क्रतू, पुलह, पुलस्त्य, अत्री, अंगिरा, वसिष्ठ व मरीची यांची नावे घेतो. मराठी मुलखातील कष्टकरी मात्र तेथे म्हातारीची बाज पाहत आला आहे. चार तारका म्हणजे बाजेचे चार खूर आणि मागील तीन म्हणजे ती पळवू पाहणारे तीन चोर. मयंक वाहिया व गणेश हलकारे यांनी गोंड समाजाच्या आकाशज्ञानाचा अभ्यास 2013 मध्ये प्रसिद्ध केला. त्यातही ही बाज आहे. दिवसभर राबून रात्री अंगणात बाजेवर पाठ टेकणाऱ्याला आकाशातही बाजच दिसावी, यात नवल ते कोणते?

यावर कोणी म्हणेल की, ऋषी हे मूळचे आणि बाज ही अडाण्यांची कल्पना. इतिहास तसे सांगत नाही. याच तारकांना पूर्वी ‘ऋक्ष’, म्हणजे अस्वले, म्हणत असत, असे शतपथ ब्राह्मणच नमूद करते. ग्रीकांनी येथे अस्वल पाहिले, चिनी लोकांनी पळी, प्राचीन इजिप्तच्या लोकांनी बैलाचा पाय, तर इंग्रज शेतकऱ्याने नांगर. प्रत्येकाने आपले जीवन आकाशात मांडले. आधुनिक खगोलशास्त्र तर याहून पुढचे सांगते. बाजेचे तीन खूर आपल्यापासून सुमारे 80 प्रकाशवर्षे दूर आहेत; चौथा खूर, म्हणजे क्रतू, सुमारे 120 प्रकाशवर्षे दूर आहे. अर्थात ही बाज अन्य ठिकाणाहून पाहणाऱ्याला बाज दिसणारच नाही. आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाने 1922 मध्ये 88 तारकासमूह मान्य केले. तीही अभ्यासाची सोय आहे.

एका वर्गाने काढलेले चित्र सर्वांवर निसर्गनियम म्हणून लादले गेले, तेथे अनर्थ झाला. पत्रिका जुळविताना पाहिल्या जाणाऱ्या ‘वर्णकूटा’त कर्क, वृश्चिक व मीन या राशी ब्राह्मण ठरविल्या आहेत, तर मिथुन, तूळ व कुंभ या शूद्र. खेकडा, विंचू आणि मासा ब्राह्मण कसे झाले, हा प्रश्न विचारण्याची मुभा नव्हती. मूळ नक्षत्रावर जन्मली एवढ्याच कारणाने कित्येक मुलींच्या सोयरिकी मोडल्या. पृथ्वीवरची उतरंड अशा रीतीने आकाशावर कोरण्यात आली आणि मग तेच आकाश तिच्या समर्थनाला पुढे करण्यात आले.

खान्देशाने गणिताची थोर परंपराही पाहिली आहे. चाळीसगावजवळील पाटण येथे इ. स. 1207 चा शिलालेख असून, भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने चालविलेल्या मठाला दिलेल्या दानाची त्यात नोंद आहे. हाच चांगदेव यादव राजा सिंघण याचा राजज्योतिषी होता. ग्रहगणित आणि फलज्योतिष एकाच घरात नांदत होते, हे यावरून ध्यानात येते.

बौद्ध परंपरेने या दोहोंत विवेक केला. दीघनिकायातील ब्रह्मजाल सुत्तात ग्रहणे व नक्षत्रे पाहून भविष्य सांगणे ही मिथ्या आजीविका मानली आहे. नक्खत्त जातकात, नक्षत्र शुभ नाही म्हणून वधूला न्यायला नेमल्या दिवशी न गेलेल्या वरपक्षाची वधू दुसऱ्याला दिली जाते. मूर्ख नक्षत्राची वाट पाहतो आणि हाती आलेले गमावतो, हे त्याचे तात्पर्य. मात्र विनयपिटकातील चुल्लवग्गात निराळाच प्रसंग आहे. अरण्यवासी भिक्खूंना चोरांनी आजचे नक्षत्र आणि दिशा विचारली. भिक्खूंना ती सांगता आली नाही, तेव्हा हे भिक्खू नव्हेत असे समजून चोरांनी त्यांना मारहाण केली. त्यावरून अरण्यवासी भिक्खूंनी नक्षत्रे शिकावीत व दिशांची माहिती ठेवावी, असा नियम झाला. तथागतांनी भविष्य नाकारले, ज्ञान नाकारले नाही.

या संदर्भात दिव्यावदानातील शार्दूलकर्णावदान विशेष महत्त्वाचे आहे. आनंद व मातंगकन्या प्रकृती यांची कथा वाचकांना परिचित आहे. बाबासाहेबांनी ती ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात घेतली आहे. प्रकृती भिक्खुणी झाल्यामुळे श्रावस्तीतील ब्राह्मण क्षुब्ध झाले, तेव्हा भगवंतांनी पूर्वजन्माची कथा सांगितली. मातंगराज त्रिशंकू आपल्या शार्दूलकर्ण या मुलासाठी ब्राह्मण पुष्करसारीची कन्या मागतो. ब्राह्मण त्याची निर्भर्त्सना करतो. त्रिशंकू जन्मजात श्रेष्ठत्वाचे खंडन करतो आणि पुढे 28 नक्षत्रांचे तारे व आकार सांगतो: कृत्तिका सहा ताऱ्यांची, वस्तऱ्यासारखी, रोहिणी पाच ताऱ्यांची, गाड्यासारखी, हस्त पाच ताऱ्यांचा, हातासारखा. अखेर पुष्करसारी आपली कन्या देतो. तो त्रिशंकू म्हणजे पूर्वजन्मीचे स्वतः बुद्ध, असे अवदान सांगते.

या ग्रंथात फलज्योतिषाचाही बराच भाग आहे, हे प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. तो भाग आपण कालामसुत्ताच्या कसोटीवर बाजूला ठेवू. परंतु ज्याला ज्ञानाचा अधिकार नाही असे म्हटले गेले, तो मातंग ब्राह्मणासमोर आकाश वाचतो, ही गोष्ट बाजूला ठेवता येत नाही.

वस्तरा, गाडा, हात, बाज ही श्रमणाऱ्यांच्या घरातली चित्रे आहेत. आपल्या मुलांना ती जरूर दाखवावीत आणि त्यांना स्वतःची चित्रेही काढू द्यावीत. ज्या मुलाने स्वतः एकदा आकाशात रेषा ओढली, त्याला इतरांच्या रेषाही माणसानेच ओढल्या आहेत हे वेगळे शिकवावे लागत नाही. पुढे त्याच्या विवाहासाठी पत्रिका मागितली गेली, तर काय उत्तर द्यावे हे त्याला ठाऊक असेल.