विश्रांती की व्यायाम? पाळीच्या वेदनेवरून पेटलेला एक वाद

१/ पोटात कळा येऊ लागल्या की शेक घ्यावा, कपडे सैल असावेत, थोडा व्यायाम करावा. हा सल्ला आज सर्रास ऐकू येतो. दीडशे वर्षांपूर्वी मात्र ‘पाळीत विश्रांती की हालचाल’ या प्रश्नावरून अमेरिकेत मोठा वाद पेटला होता. त्यात पणाला लागले होते मुलींचे उच्च शिक्षण.

२/ १८७३ साली बोस्टनच्या डॉ. एडवर्ड क्लार्क यांचे ‘सेक्स इन एज्युकेशन’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यांचे म्हणणे असे : शरीराची शक्ती मर्यादित असते. वाढत्या वयातील मुलीने पाळीच्या दिवसांत मेंदू शिणवला, तर प्रजननसंस्थेच्या वाट्याची शक्ती अभ्यासात खर्च होते. म्हणून त्या दिवसांत अभ्यास व श्रम टाळावेत.

३/ पुराव्यादाखल क्लार्क यांच्यापाशी होत्या केवळ मूठभर रुग्ण मुलींच्या कहाण्या. तरीही पुस्तकाच्या आवृत्त्यांमागून आवृत्त्या निघाल्या. मुलींना महाविद्यालयात घेऊ नये, असे ज्यांना वाटत होते, त्यांच्या हाती आयते शास्त्र आले.

४/ उत्तर दिले डॉ. मेरी पुटनम जकोबी यांनी. १८६४ साली पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री-वैद्यकीय महाविद्यालयातून आणि १८७१ साली पॅरिसमधून त्यांनी वैद्यकीय पदवी मिळवली होती. पाळीत स्त्रियांना विश्रांतीची गरज असते का, हाच प्रश्न हार्वर्डच्या बॉयल्स्टन पारितोषिकासाठी निबंधाचा विषय ठरला, तेव्हा त्यांनी लेखणी उचलली.

५/ त्यांनी युक्तिवादापेक्षा मोजमापावर भर दिला. प्रश्नावल्या पाठवून २६८ स्त्रियांची उत्तरे मिळवली. काहींच्या नाडीचे आलेख यंत्राने काढले, स्नायूंची ताकद मोजली. पाळीत शक्ती एकाएकी ढासळते, असे काही त्यांना आढळले नाही.

६/ उलट, नियमित व्यायाम, चांगले पोषण आणि मनाला गुंतवणारे काम असलेल्या स्त्रियांना त्रास कमी होत असल्याचे दिसले. ज्यांचे पोषण नीट आहे, त्यांना सक्तीच्या विश्रांतीची गरज नाही, हा त्यांचा निष्कर्ष. स्पर्धेत लेखकाचे नाव परीक्षकांपासून झाकलेले असे. १८७६ साली पारितोषिक याच निबंधाला मिळाले!

७/ पुढचे पाऊल डॉ. क्लेलिया मोशर (१८६३–१९४०) यांचे. स्टॅनफर्ड विद्यापीठात विद्यार्थिनी असतानाच त्यांनी पाळीच्या नोंदी ठेवायला आरंभ केला आणि पुढील काही दशकांत दोन हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती जमवली. त्यांचा रोख होता कमर आवळणारे कॉर्सेट, जड घेरदार झगे आणि बैठी राहणी यांवर. श्वास पोटातून घेताच येत नसेल, तर पोटाचे स्नायू बळकट कसे होणार?

८/ त्यांनी सांगितलेला व्यायाम अगदी साधा होता. कपडे सैल करून उताणे झोपावे, गुडघे दुमडावेत, एक हात पोटावर ठेवावा. श्वास घेताना पोट फुगवावे, सोडताना आत ओढावे. सकाळ-संध्याकाळ दहा-दहा वेळा. विद्यार्थिनींनी या व्यायामाला ‘मोशर’ हेच नाव देऊन टाकले. पुढे झगे आखूड व हलके होत गेले, तसा मुलींचा त्रासही घटल्याचे त्यांनी नोंदवले.

९/ वेदनेचे कारण रक्त साचणे, असे मोशर मानत. आज मुख्य कारण वेगळे सांगितले जाते : प्रोस्टाग्लँडिन ही द्रव्ये गर्भाशयाला जोराने आकुंचन पावायला लावतात. कारणमीमांसा बदलली, तरी व्यायामाचा सल्ला टिकून राहिला. अर्थात सगळ्याच वेदना व्यायामाने शमत नाहीत. एंडोमेट्रिओसिससारख्या आजारात उपचारच लागतात, म्हणून वेदना तीव्र असेल तर डॉक्टरांकडे जाणे आलेच.

१०/ या इतिहासाचा एक धागा महाराष्ट्राशी जुळतो. जकोबी ज्या महाविद्यालयातून पदवीधर झाल्या, तेथूनच १८८६ साली आनंदीबाई जोशी डॉक्टर झाल्या. इकडे ‘कावळा शिवला’ म्हणून बाईला बाजूला बसवत. तिकडे विश्रांतीच्या नावाखाली वर्गाबाहेर बसवू पाहत होते. कारणे निराळी, पण दाखवलेला कोपरा एकच.

११/ जकोबी आणि मोशर यांनी वेदना नाकारली नाही. ती मोजली आणि कमी करण्याचे मार्ग शोधले. वेदनेवर उपाय शोधायचा असतो. तिच्या आधारे कुणाचे शिक्षण थांबवायचे नसते. पाळीच्या दिवशी परीक्षेला बसणाऱ्या प्रत्येक मुलीच्या मागे हा वाद उभा आहे.