वापरलेलं खाद्यतेल डिझेल इंजिनात : काय चालतं, काय नाही

भजी, वडे, फरसाण तळून काळं पडलेलं तेल ट्रॅक्टर किंवा टेम्पोत चालतं का? चालतं, पण त्याचं बायोडिझेल केल्यावरच. नुसतं गाळून टाकीत ओतणं महागात पडतं.

गाळलेलं तेल का नको?
खाद्यतेल डिझेलच्या साधारण दहापट घट्ट असतं. त्यामुळे नोझलमधून बारीक फवारा उडत नाही, तेल अर्धवट जळतं, नोझल आणि पिस्टन रिंगांवर काजळी धरते. 1900 च्या पॅरिस प्रदर्शनात एक डिझेल इंजिन शेंगदाणा तेलावर चालवलं होतं, हे खरं. पण आजचे पंप आणि नोझल पातळ डिझेलसाठीच बनवलेले असतात.

बायोडिझेल कसं तयार होतं?
तेल गाळून, त्यातलं पाणी काढून, मिथेनॉल आणि कॉस्टिक घालून साधारण 60 अंशांवर ढवळतात. ग्लिसरीन तळाला बसतं. वरचा भाग धुऊन, वाळवून बायोडिझेल मिळतं. 100 किलो तेलाला सुमारे 11 किलो मिथेनॉल लागतं. जवळपास तेवढंच, म्हणजे 100 किलोच्या आसपास बायोडिझेल निघतं. मिथेनॉल विषारी आणि झटकन पेट घेणारं असल्याने हा घरच्या परसात करायचा उद्योग नव्हे.

गाडीवाल्यांनी काय पाहावं?
- माल आयएस 15607 या मानकाचा आहे का, ते विचारावं.
- डिझेलच्या भारतीय मानकात 7 टक्क्यांपर्यंत मिश्रण चालतं. जास्त घालायचं तर आधी इंजिन कंपनीचं पुस्तक बघावं.
- बायोडिझेल टाकीतला जुना गाळ सोडवतं, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर चोंदतो. जुने रबरी पाइपही फुगतात.
- थंडीत ते घट्ट होतं. फार दिवस साठवू नये.

हॉटेलवाल्यांसाठी नियम
तेलातले 'टोटल पोलर कंपाउंड' 25 टक्क्यांवर गेले की ते तळणीला वापरता येत नाही. हा नियम 1 जुलै 2018 पासून आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणाने (एफएसएसएआय) असं तेल बायोडिझेलकडे वळवण्यासाठी 'रुको' मोहीम सुरू केली. दिवसाला 50 लिटरपेक्षा जास्त तेल लागणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवायची असते.

खरा धोका इथेच आहे. भाव थोडा जास्त मिळतो म्हणून हे तेल भलत्याच माणसाला दिलं, तर ते इंजिनाऐवजी पुन्हा एखाद्या गाड्यावरच्या कढईत येतं, आणि तिथून आपल्याच पोरांच्या पोटात. तेल देताना नेणारा अधिकृत आहे का हे विचारा आणि पावती घ्या.