सव्वाअकराची गाडी

रात्री साडेनऊच्या सुमारास

लिओना स्टीव्हन्सन पलंगावर पडून आहे. न्यूयॉर्कच्या सटन प्लेस भागातलं भारी सामानाने भरलेलं घर. नोकरचाकर बाहेर गेलेत, नर्सची आज सुट्टी आहे, खालच्या मजल्यावर कुणी नाही. नवरा हेन्री संध्याकाळीच परतायला हवा होता. त्याच्या ऑफिसचा फोन बराच वेळ लागत नाही म्हणून ती ऑपरेटरला लाइन जोडून द्यायला सांगते, आणि कानावर दुसऱ्याच दोन पुरुषांचं बोलणं येतं. क्रॉस कनेक्शन. लँडलाइनच्या दिवसांत आपल्याकडेही ते घरोघरी होत असे. कुणाची उधारी, कुणाच्या लग्नाची बोलणी न मागता ऐकायला मिळत. लिओनाला ऐकू येतं ते एका खुनाचं वेळापत्रक. अकरा वाजता गस्तीवाला बियर प्यायला बारमध्ये जातो. सव्वाअकराला पुलावरून गाडी जाते. बाई ओरडली तरी त्या खडखडाटात कुणाला कळणार नाही. दागिने उचलायचे, म्हणजे चोरीचा प्रकार वाटेल.

लाइन तुटते. कुठली बाई, कुठलं घर, काहीच कळलेलं नाही.

अनातोल लिटवाकचा ‘सॉरी, राँग नंबर’ हा १९४८चा चित्रपट इथे सुरू होतो आणि त्याच रात्री सव्वाअकराला संपतो. चित्रपटाची लांबी ८९ मिनिटं, आणि कथेतली रात्रही त्याहून फार मोठी नाही. पलंगाशेजारचं घड्याळ आणि थिएटरात बसलेल्या माणसाचं मनगटी घड्याळ जवळजवळ बरोबरीने पुढे सरकतात. प्रेम आणि संशय यांच्यावर त्या काळात हॉलिवूडने पुष्कळ चित्रपट काढले. बहुतेकांत संशय लवकर शिरतो आणि प्रेम पोखरत जातो. इथे संशय यायलाच फार उशीर होतो, आणि येतो तोही आधी भलत्याच गोष्टीचा. मला हा चित्रपट पुन्हा पुन्हा पाहावासा वाटतो तो यासाठी.

दहाच्या आत

लिओना ऑपरेटरकडे तक्रार करते. कुठला नंबर चुकून जोडला गेला ते शोधून काढता येणार नाही, असं उत्तर मिळतं. मग पोलीस. सार्जंट डफी सभ्यपणे ऐकून घेतो, पण त्याच्यापुढे ठाण्यातली दुसरी कामं आहेत आणि हातात ना नाव ना पत्ता. शहर एवढं मोठं. पुलाजवळची घरं किती आणि त्यांत एकट्या असलेल्या बायका किती! डफीचं वागणं चुकीचं म्हणता येत नाही.

लिओना फोनवर बोलते ते हुकूम सोडल्यासारखं. बार्बारा स्टॅनविकने हे फार विचारपूर्वक केलंय. लिओना आपल्याला आवडावी म्हणून ती जराही झटत नाही. आवाजात तुसडेपणा, समोरच्याचं वाक्य अर्ध्यात तोडण्याची सवय, कुणी ‘नाही’ म्हटलं की आधी आश्चर्य आणि मग संताप. औषधांच्या कारखान्याचे मालक जेम्स कॉटरेल यांची ही एकुलती एक लेक, आणि जन्मभर तिला कुणी नकार दिलेला नाही. तिच्यावर प्रेक्षकाचा जीव जडायला वेळ लागतो. म्हणूनच शेवटच्या दहा मिनिटांत तो जडतो तेव्हा सुटता सुटत नाही.

वडिलांचा शिकागोहून फोन येतो. तिथे घरी पार्टी चालू आहे. एड बेगलीने हा बाप असा उभा केलाय की लेकीचा स्वभाव कुठून आला हे विचारावं लागत नाही. जावयाबद्दल त्यांचं मत कधीच चांगलं नव्हतं.

मग हेन्रीची सेक्रेटरी, मिस जेनिंग्ज. तिच्याकडून कळतं की दुपारी एक देखणी बाई साहेबांना भेटायला आली, दोघं बाहेर गेले आणि साहेब काही परत आले नाहीत. बाईचं नाव मिसेस लॉर्ड.

इथे लिओनाच्या मनात पहिल्यांदा संशयाची ठिणगी पडते, आणि ती पूर्णपणे चुकीची आहे. नवऱ्याचं बाहेर काहीतरी आहे असं तिला वाटतं. मिसेस लॉर्ड म्हणजे पूर्वीची सॅली हंट. हेन्री कधीकाळी सॅलीचा होता. लिओनाने कॉलेजच्या नाचात मध्ये शिरून त्याला आपल्याकडे वळवलं होतं. हेन्री गरीब घरातला, औषधांच्या दुकानात काम करणारा. तिने आपली गाडी दाखवली, बापाचा विरोध मोडून काढला, लग्न लावून घेतलं. दुसऱ्या बाईचा माणूस आपण हिसकावून आणलाय हे तिला ठाऊक आहे. त्यामुळे ‘आता ती तो परत नेणार’ ही भीती तिला सर्वांत आधी सुचते. माणूस संशयही आपल्या अनुभवाच्या चौकटीतच घेतो. नवरा आपल्या जिवावर उठला असेल, ही शक्यता या चौकटीत बसतच नाही. लिओनाच्या जगात आजवर कुणाची तशी हिंमत झालेली नाही.

दहा वाजून गेल्यावर

सॅलीशी बोलणं होतं ते तुकड्यातुकड्यांनी. ती आपल्या घरून मोकळेपणाने बोलू शकत नाही. तिचा नवरा फ्रेड लॉर्ड सरकारी वकिलाच्या कचेरीत आहे आणि त्याचा तपास हेन्रीभोवती फिरतोय. म्हणून ती बाहेर पडून सार्वजनिक फोनवरून बोलते, नाणी संपतात, दुकान बंद व्हायला येतं, दुसरा फोन शोधावा लागतो. ती सांगते की नवऱ्याच्या मागोमाग ती स्टेटन आयलंडला गेली, तिथे किनाऱ्यावर एक ओसाड घर आहे, तिथे काहीतरी चाललंय. हेन्रीला सावध करायला ती दुपारी गेली होती, पण धड बोलणं झालंच नाही.

लिओनाला जी सवत वाटली, ती त्या दिवशी हेन्रीला वाचवू पाहणारी एकटीच व्यक्ती होती.

हा भाग गुंतागुंतीचा आहे हे मान्य करायला हवं. सॅली आठवण सांगते, त्या आठवणीत आणखी कुणी काही सांगतं, आणि पाहणारा क्षणभर आपण कोणत्या दिवसात आहोत हेच विसरतो. त्या काळच्या काही समीक्षकांनाही हे खटकलं होतं. पण लिटवाक दर वेळी पलंगाकडे परततो, आणि परतल्यावर घड्याळाचे काटे पुढे गेलेले असतात. छायाचित्रकार सॉल पोलिटोचा कॅमेरा लिओना बोलत असताना तिला सोडून खोलीभर हिंडतो, जिन्याकडे जातो, रिकामं घर दाखवून आणतो. ती ज्या घरात स्वतःला सुरक्षित समजते ते घर आपल्याला तिच्याआधी परकं वाटू लागतं.

वेस्टर्न युनियनकडून फोनवरच तार वाचून दाखवली जाते. हेन्री बोस्टनला निघालाय, कामासाठी. आज रात्री तो येणार नाही. तारेच्या शेवटी नेहमीचं प्रेमाचं वाक्य आहे. तारघरातला माणूस ते इतर मजकुराच्याच सपाट सुरात वाचतो, आणि मला तरी वाटतं की चित्रपटातलं सगळ्यात थंड बोलणं ते आहे.

अकराकडे जाताना

डॉक्टर अलेक्झांडर. आपलं हृदयाचं दुखणं याच तज्ज्ञाला दाखवायला लिओना शिकागोहून न्यूयॉर्कला आलीय. निदान काय झालं हे ती विचारते, आणि डॉक्टर गोंधळतात: ‘तुमच्या मिस्टरांनी सांगितलं नाही?’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणतात. हृदय धडधाकट आहे. झटके खरे आहेत, वेदनाही खऱ्या आहेत, पण मूळ मनात आहे. लहानपणी बाप आपल्या मनाविरुद्ध गेला की ती आजारी पडायची. लग्नानंतर हेन्रीने स्वतंत्र नोकरी शोधायचं म्हटलं, वेगळं घर करायचं म्हटलं, तेव्हा तेव्हा झटका आला. हे सगळं डॉक्टरांनी हेन्रीला आधीच सांगितलं होतं. हेन्रीने ते पोटात ठेवलं.

का ठेवलं? पैशासाठी, हे पुढच्या फोनवर कळतं. पण मला त्यात आणखी काही दिसतं. बर्ट लँकेस्टरचा हेन्री म्हणजे धिप्पाड शरीराचा आणि आतून दबलेला माणूस. सासऱ्याच्या कंपनीत त्याला उपाध्यक्षपद आहे, खोली आहे, टेबल आहे, काम नाही. ज्या आजारापुढे त्याने वर्षानुवर्षं मान तुकवली तो आजार शरीराचा नव्हताच, हे कळल्यावर त्याला काय वाटलं असेल? त्या प्रसंगात लँकेस्टर जवळजवळ काहीच बोलत नाही.

लिओनाच्या बाजूनेही पाहायला हवं. ती ढोंग करत नव्हती. आई तिच्या जन्माच्या वेळी गेली; बापाने लेकीला पैसा आणि लाड दिले. आपल्या माणसाला जवळ ठेवायचं तर हुकूम द्यायचा किंवा आजारी पडायचं, याहून तिसरा मार्ग तिला कुणी शिकवलाच नाही. तिचं हेन्रीवर प्रेम होतं. ते प्रेम म्हणजे मालकी होती, हे तिला या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

आता ती घाबरून दवाखान्यात फोन करून नर्स पाठवायला सांगते. तीही लगेच मिळत नाही.

अकरा

वाल्डो इव्हान्सचा फोन. हॅरॉल्ड व्हर्मिलियाने हा म्हातारा रसायनतज्ज्ञ साकारलाय: मृदू आवाज, नेमकी भाषा, सगळं संपल्याची शांतता. हेन्रीसाठी निरोप आहे, तो मिसेस स्टीव्हन्सननी लिहून घ्यावा. ती लिहू लागते आणि लिहिता लिहिता सगळं उलगडतं. कॉटरेल कंपनीतला माल हेन्री आणि इव्हान्स मिळून चोरून बाहेर काढत होते. विकणारा मोरानो. हेन्रीने मोरानोला वगळून स्वतःचा धंदा मांडायचं ठरवलं, पकडला गेला, आणि मोरानोने त्याच्याकडून २ लाख डॉलरचा कागद लिहून घेतला, मुदतीसह. एवढे पैसे कुठून आणू, असं हेन्रीने विचारलं. बायको आजारी आहे ना, तिचा विमा आहे ना, असं उत्तर मिळालं.

निरोपाचा शेवट: मोरानोला अटक झालीय. पैशांची आता गरज नाही.

चित्रपटाचा सगळा घाट या निरोपासाठी रचलेला आहे असं मी मानतो. लिओनाला वाचवू शकणाऱ्या दोन गोष्टी होत्या. एक, ती पलंगावरून उठून चालू शकते. दुसरी, तिला मारण्याचं कारणच उरलेलं नाही. दोन्ही तिला याच रात्री, याच फोनवर, सव्वाअकराच्या आत कळल्या. माहितीत आता काहीच कमी नाही. पण पहिली गोष्ट तिच्या शरीराला पटत नाही, आणि दुसरी ज्याला कळायला हवी तो बोस्टनच्या वाटेवर आहे.

इव्हान्स शेवटी एक नंबर देतो: मध्यरात्रीनंतर मी इथे सापडेन. ती नंतर तो लावून पाहते. तो शवागाराचा निघतो.

खाली काहीतरी हललं.

सव्वाअकरा

हेन्रीचा फोन. स्टेशनजवळच्या सार्वजनिक फोनवरून. आवाज सहज ठेवायचा त्याचा प्रयत्न आहे. ती इव्हान्सचा निरोप सांगते. मोरानो पकडला गेलाय हे त्याला कळतं आणि लँकेस्टरचा चेहरा आपल्या डोळ्यांसमोर ढासळतो. तो सगळं कबूल करतो. मग ओरडतो: ऊठ, खिडकीशी जा, रस्त्यावर ऐकू जाईल अशी किंचाळ! ती म्हणते, मला उठता येत नाही. तो विनवतो. तिच्या इतक्या वर्षांच्या सहवासात तो तिच्याशी इतकं खरं कधी बोलला नसेल, आणि तिनेही त्याचं म्हणणं असं ऐकून घेतलं नसेल. त्यांच्या लग्नातला एकुलता एक खरा संवाद म्हणजे ही काही सेकंदं. फोनच्या खोक्याबाहेर पोलीस येऊन उभे आहेत, ते हेन्रीला दिसत नाहीत, आपल्याला दिसतात.

पायऱ्यांवर सावली. पुलावरून गाडी. फ्रान्झ वॅक्समनचं संगीत आणि चाकांचा आवाज एक होतात.

मग फोन पुन्हा वाजतो. कुणीतरी उचलतं, आणि एका पुरुषाचा आवाज सांगतो की नंबर चुकलाय.

ही कथा मुळात ल्युसिल फ्लेचरने रेडिओसाठी लिहिली होती. २५ मे १९४३ला सीबीएसच्या ‘सस्पेन्स’ या मालिकेत ती पहिल्यांदा प्रसारित झाली, अर्ध्या तासात, मुख्य आवाज ॲग्नेस मूरहेडचा. त्या पहिल्या प्रसारणात शेवटाकडे एका नटाचा संवाद चुकला आणि नेमकं काय झालं याबद्दल श्रोते गोंधळात पडले. पुढे ही श्रुतिका इतकी गाजली की मूरहेडने ती अनेकदा नव्याने सादर केली. चित्रपटाची पटकथाही फ्लेचरनेच लिहिली. स्टॅनविकला या भूमिकेसाठी ऑस्करचं चौथं नामांकन मिळालं; पारितोषिक जेन वायमनला गेलं.

रेडिओवर हेन्री जवळजवळ नाहीच. तिथे तो तारेतल्या मजकुरापुरता आहे, आणि शेवटी खुनी ते वाक्य फोनवरच्या पोलिसाला ऐकवतो. फ्लेचरने पडद्यासाठी वाक्य तेच ठेवलं आणि ऐकणारा बदलला. आता ते नवऱ्याच्या कानात पडतं. गुन्हेगाराला शिक्षा दाखवलीच पाहिजे असा तेव्हा हॉलिवूडचा नियम होता. पोलीस खोक्यापाशी आणून तो पाळला गेला. पण हेन्रीची खरी शिक्षा त्या फोनमध्ये आहे. त्याने दुसऱ्यांदा नंबर फिरवला तो ती जिवंत असेल या आशेने. ज्या माणसाला त्यानेच पाठवलं, त्याच माणसाकडून त्याला उत्तर मिळालं.